जागल्याचं पान

“आत्या, ह्या झाडाचं लोकांच्या तोंडातलं नाव ठाऊक आहे का तुम्हाला?” राजमतीने खिडकीखाली आणून ठेवलेल्या कुंडीकडे बघत अनुजाने विचारलं. माहेरच्या पद्धतीप्रमाणे ती सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणे.

“स्नेक प्लांट. धंद्यात आम्ही सॅन्सेव्हेरिया म्हणायचो. हल्ली शास्त्रज्ञांनी त्याला ड्रॅसिनाच्या घरात दत्तक दिलंय.”

“ते झालं पुस्तकातलं. इंग्रज लोक ह्याला सासूची जीभ म्हणतात!”

दारात उभे असलेले सुकुमार चौगुले खो खो हसले. “बरोबर जागी आली की मग! आमच्या घरात सासू बोलत नाही. तिची जीभ तरी राहू दे सुनेच्या खोलीत.”

राजमतीही हसली, पण तिचं हसू ओठांबाहेर फारसं कधी येत नसे. पहाटे सामायिकाचं ध्यान, मग बस्तीत, म्हणजे गावातल्या जैन मंदिरात दर्शन, त्यानंतरच तोंडात पाणी, आणि सूर्य मावळला की अन्नपाणी बंद. लग्न होऊन आल्यापासून ह्यात खंड पडला नव्हता. आवाज चढवायचा नाही हाही त्यातलाच एक नेम. घरातल्या माणसांना तिचा राग कळायचा तो तिच्या गप्प बसण्यावरून.

दुसऱ्या दिवसापासून दशलक्षण पर्व सुरू होत होतं आणि अनुजाने दहाही दिवस उपवासाचा नेम घेतला होता. हा उपवास साबुदाण्या-वरीचा नव्हे. दिवसातून एकदा उकळून गार केलेलं पाणी, बाकी काही नाही. राजमतीला धन्यता वाटली होती आणि थोडी काळजीही. अनुजाच्या वडिलांना मधुमेह होता. गुजरातेत बंदरावर नोकरीला असलेल्या अभिनंदनने फोनवर बजावलं होतं, “आई, तिला भूक सहन होत नाही बरं का. लक्ष ठेव.” लक्ष ठेवायला म्हणूनच तर ही कुंडी आणली होती.

जयसिंगपूरबाहेर चौगुल्यांची रोपवाटिका होती, आणि तिथे ड्रॅसिनाचा सगळा गोतावळा नांदत होता. मक्यासारख्या पानांची मसांजिआना, लाल काठाची मार्जिनाटा, पिवळ्या किनारीची साँग ऑफ इंडिया, आणि लोक ज्याला बांबू समजून टेबलावर ठेवतात तो लकी बांबूसुद्धा. कचेऱ्यांच्या दालनांत कुठली तग धरेल, बंगल्याच्या कुंपणाशी कुठली शोभेल, हे राजमती सांगायची आणि तसंच व्हायचं. गेल्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीने तिच्याकडे एका नव्या वाणाच्या मूळ कुंड्या वाढवायला दिल्या. दिसायला साधंच स्नेक प्लांट. गडद हिरवी, तलवारीसारखी उभी पानं आणि त्यांवर फिक्या आडव्या पट्ट्या.

करामत आत होती. पोटात अन्न नसलं की शरीर साठवलेली चरबी जाळायला लागतं. त्यातून ॲसिटोन नावाचं उडून जाणारं रसायन तयार होतं आणि श्वासावाटे बाहेर पडतं. ज्याचा मधुमेह हाताबाहेर गेला त्याच्याही श्वासात तेच येतं, कारण रक्तात साखर असूनही त्याच्या पेशी उपाशीच असतात. शास्त्रज्ञांनी हा वास ओळखणारं प्रथिन मुंगीच्या मिशांमधून घेतलं, त्याचं जनुक ह्या झाडात बसवलं, आणि त्याला जोडून दिलं लाल रंग तयार करणारं जनुक. हे दुसरं मार्जिनाटाच्या लाल काठातलं, म्हणजे कुळातलंच. बाकीची झाडं पानांची छिद्रं दिवसा उघडतात. हे कोरड्या मुलखातलं, पाणी वाचवायला रात्री उघडतं. माणूस झोपला की ह्याचा श्वास सुरू. सकाळी उठून बघावं तर फिक्या पट्ट्या डाळिंबी झालेल्या. फिकट लाली म्हणजे सांभाळा, गडद लाली म्हणजे डॉक्टरांना बोलवा. चार रात्री स्वच्छ हवा मिळाली की रंग उतरायचा.

कंपनीने वाणाला कसलासा आकडा दिला होता. पण रात्रभर जागून घराची राखण करतो म्हणून लोकांनी नाव पाडलं जागल्या. वृद्धाश्रमांत, वसतिगृहांत त्याच्या कुंड्या दिसू लागल्या. मग डाएट सांगणाऱ्या बायका तो गिऱ्हाइकांच्या घरी ठेवायला लागल्या, आणि इचलकरंजीच्या एका तालमीत वस्तादांनी पैलवानांच्या खोलीत ठेवला. राखण करणारा चुगल्याही करतो, हे लोकांच्या लवकरच ध्यानात आलं.

पर्वाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी राजमतीने आपल्या खोलीतली कुंडी पाहिली. ती स्वतः एकाशन करत होती, दिवसातून एक वेळ जेवण. पट्ट्यांवर गुलाबाच्या पाकळीसारखी लाली आली होती. बस्तीत गेली तर तिथल्या दालनातली कुंडी डाळिंबी झाली होती. दहा उपवास धरलेल्या बायका रात्री तिथेच झोपत असत.

घरी येऊन ती अनुजाच्या खोलीत डोकावली. अनुजा न्हाणीत होती. खिडकीखालच्या जागल्याच्या पट्ट्या पांढुरक्याच होत्या. लालीचा मागमूस नाही.

‘एखाद्या झाडाला उशीर लागत असेल,’ राजमती स्वतःशी म्हणाली.

चौथ्या दिवशीही तेच. पाचव्या दिवशी तिने कुंडी खिडकीपासून उचलून पलंगाच्या उशाशी ठेवली.

“इकडे का हो आत्या?”

“उन्हाने पानं भाजतील,” राजमती म्हणाली. त्या खिडकीत ऊन येतच नव्हतं. आपण आत्ता काय बोललो हे तिला जिना उतरताना कळलं आणि ती पायरीवर जरा थांबली. खोटं न बोलण्याचं व्रत तिने वयात यायच्या आधी घेतलेलं होतं.

मनात एकदा पाल चुकचुकली की घरातला प्रत्येक आवाज तिच्या बाजूने साक्ष द्यायला लागतो. बाकीच्या बायका बस्तीत झोपतात, मग ही “गर्दीत झोप येत नाही” म्हणून घरी का राहते? दुपारी दार लावून का घेते? पाचव्या दिवशी माणूस भिंत धरून चालतं. ही खाली येऊन सासऱ्यांच्या विनोदावर हसते कशी? एका दुपारी बंद दारामागे स्टीलच्या डब्याचं झाकण वाजल्यासारखं झालं. राजमती कपड्यांच्या घड्या घेऊन दाराबाहेर उभी राहिली. पुन्हा आवाज आला नाही. पण भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास आल्यासारखा वाटला, आणि वाटला तो वाटलाच.

“अहो, तुम्ही आज शेंगदाणे खाल्ले का?” तिने सुकुमारना विचारलं.

“तू देशील तेव्हा ना खाईन! का गं?”

“काही नाही.”

“तुझं ‘काही नाही’ म्हणजे मोठं काहीतरी असतं बघ,” ते म्हणाले. पण राजमतीने ताकास तूर लागू दिली नाही.

बस्तीत त्या वर्षी एक आर्यिका माताजी, म्हणजे जैन साध्वी, चातुर्मासाला होत्या. सातव्या दिवशी प्रवचन संपल्यावर राजमती त्यांच्यापुढे बसली. “माताजी, झाडं एकेंद्रिय. त्यांना फक्त स्पर्श. पण माणसाने एखाद्या झाडाला मुंगीचं नाक दिलं, तर ते आता कोणत्या जीवात धरायचं?”

माताजींनी विचार केला. “ज्ञानी लोकांना विचारून सांगेन. पण बाई, त्याला वास येतो का ह्यापेक्षा, तू त्याला कुणाला हुंगायला लावलंस?”

राजमतीने नमस्कार केला आणि ती उठली. वाटेत तिने स्वतःची समजूत घातली, की माताजींना झाडांच्या धंद्यातलं काय कळणार.

दहाव्या दिवशी बस्तीत उपवासकऱ्यांचा सत्कार होता. आठव्या दिवशीच नावं गोळा करायला मंडळाच्या सरोजवहिनी घरी आल्या होत्या. “तुमच्या सुनेचं नाव सगळ्यात वर घालते बघा. वयाने लहान, पहिलीच खेप!”

राजमतीने हातातलं दुधाचं भांडं खाली ठेवलं. “वहिनी, आमचं नाव या वर्षी राहू दे.”

“का ओ?”

“राहू दे,” राजमती तितक्याच हळू म्हणाली.

सरोजवहिनींनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. न विचारणं हेच त्यांचं उत्तर होतं. दहाव्या दिवसापर्यंत ते अर्ध्या गावाला कळलं.

अनुजाला तेवढं कळलं नव्हतं. केशरी काठाची पांढरी साडी नेसून ती बायकांच्या पहिल्या रांगेत बसली होती. एकेक नाव पुकारलं जाई, बाई उठे, हार पडे. शेवटचा हार पडला. तबक रिकामं झालं. अनुजा तबकाकडे बघत राहिली, मग तिने मान वळवून सासूकडे पाहिलं. राजमती जपमाळ ओढत होती.

तिघंही घरी आली. दार लोटल्यावर अनुजा म्हणाली, “माझं नाव विसरले का ते?”

“मीच घालू नका म्हटलं.”

“का?”

“तुझ्या खोलीतला जागल्या लाल झाला नाही.”

एवढंच. त्यात शिवी नव्हती, आरोप नव्हता, आवाजसुद्धा नव्हता. सुकुमारांच्या हातातली चप्पल हातातच राहिली. “राजमती, काय बोलतेस तू?”

अनुजाच्या ओठांवर पांढरी साय धरल्यासारखी झाली होती. ती भिंतीला टेकली. “म्हणजे त्या दिवशी ऊन लागत नव्हतं झाडाला. माझ्या तोंडाजवळ आणून ठेवलंत ते.”

राजमतीने जपमाळ खुंटीला अडकवली.

“बरं. मग त्याचं पान लाल होईल त्या दिवशी मी पारणं करीन. तोवर नाही.”

“अगं पोरी, हा काय वेडेपणा?” सुकुमार म्हणाले. “उद्या सकाळी मुगाचं पाणी घ्यायचं, संपलं.”

“मामा, आत्यांचा विश्वास बसू दे की आधी,” ती म्हणाली आणि जिना चढून गेली. मध्ये दोनदा थांबून.

दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाची पारणी झाली. अनुजाने दार आतून लावलं नव्हतं, पण मुगाच्या पाण्याची वाटी तिच्या टेबलावर ठेवली तशीच निवली. तिने रोजचं उकळलेलं पाणीही परत पाठवलं. सुकुमारांनी विनवलं. अभिनंदन फोनवर ओरडला, मग रडला. डॉक्टर येऊन गेले आणि म्हणाले, आजचा दिवस काढू, उद्या सकाळी मात्र दवाखान्यात हलवावं लागेल. जागल्या उशाशी उभा होता, पांढुरक्या पट्ट्यांचा, कोरा.

राजमती रोपवाटिकेत जाऊन बसली. आता तिला दोनच गोष्टी शक्य दिसत होत्या. एक तर अनुजा खोटी आहे आणि खोटेपणासाठी जीव पणाला लावून बसली आहे. नाहीतर झाड खोटं आहे. पहिली गोष्ट मानणं इतके दिवस सोपं गेलं होतं. आज वाटीतलं निवलेलं पाणी आठवलं की ते सोपं जाईना. उद्या सांगलीच्या वृद्धाश्रमाला पाठवायच्या जागल्याच्या कुंड्या समोर रांगेत होत्या. त्यांच्याकडे बघता बघता तिने पुण्याला डॉ. केतकरांना फोन लावला. वाण त्यांनीच तयार केलेला.

“लालच झालं नाही? अकरा रात्री?” केतकर बाईंचा आवाज बदलला. “ती कुंडी आमच्याकडून आलेल्या मूळ कुंड्यांतली आहे का?”

“नाही. मूळच्या काही माझ्या खोलीत, काही बस्तीत, काही वृद्धाश्रमासाठी ठेवल्यात. ही मी वाढवलेली.”

“कंद फोडून, फुटवे वेगळे करूनच ना?”

“नाही. गेल्या चातुर्मासात केली होती. चातुर्मासात मी जमिनीतला कंद उपटत नाही, तोडत नाही. माझा नेम आहे. कंदात अनंत जीव मानतो आम्ही. म्हणून पानांचे तुकडे लावले.”

मग केतकर समजावून सांगू लागल्या. झाडाचं पान म्हणजे एकावर एक चढवलेले कपडे समजा. मुंगीचं जनुक फक्त वरच्या थरात बसलंय, आतले थर साध्या झाडाचे. कंदावरचा कोंब सगळे थर घेऊन वर येतो. पण पानाचा तुकडा लावला की नवं रोप फुटतं ते आतल्या थरातून, वरचा कपडा मागेच राहतो. पिवळ्या काठाचं स्नेक प्लांट पानापासून केलं तर काठ जातो, ते असंच.

“ते ठाऊक आहे मला,” राजमती म्हणाली. “पण ह्याला काठच नव्हता. गेलेलं दिसणार कसं?”

“नाहीच दिसणार. ते झाड मुकं आहे, राजमतीबाई. पानापासूनची सगळीच मुकी. त्या कुंड्या कुठे पाठवू नका. कुणाच्या जिवाची राखण त्यांच्यावर सोपवली तर घात होईल. आणि तुमच्या सुनेला आधी काहीतरी पाजा. खात्रीच करायची असेल तर मूळची कुंडी आज रात्री तिच्या खोलीत ठेवा. घोटभर पाण्याने शरीर लगेच पालटत नाही. रात्रभर श्वास सांगत राहील. एकाच दिवसाची उपाशी असेल तर लाली फिकी येईल, अकरा दिवसांची असेल तर गडद. सकाळी तुम्हाला उत्तर मिळेल.”

राजमतीने फोन ठेवला. पानापासूनच्या कुंड्या तिने ओढून ओढून एका कोपऱ्यात केल्या आणि त्यांवर गोणपाट टाकलं. मग वृद्धाश्रमाच्या रांगेतली एक मूळ कुंडी उचलली. उन्हं पार तिरकी झाली होती. सूर्य बुडाला की अनुजा उद्या सकाळपर्यंत थेंबही घेणार नव्हती, कारण ती शिकवण राजमतीचीच. कुंडी कडेवर घेऊन ती घराकडे धावत निघाली. गावाने राजमती चौगुलेला धावताना पहिल्यांदाच बघितलं.

माडीवर पोचेपर्यंत तिला धाप लागली. दाराशी येऊन ती थांबली. अनुजा डोळे मिटून पडली होती. ओठ तडकले होते.

आत पाऊल टाकणार तोच राजमतीच्या मनात आलं, ‘मुकं झाड काहीच सांगत नाही. हिने खाल्लं असंही नाही, खाल्लं नाही असंही नाही. डब्याचं झाकण वाजलं होतं ते वाजलंच होतं.’ कडेवरची कुंडी जड झाली. ही आत नेली की सगळं कळणार होतं.

ती खाली वाकली आणि कुंडी तिने बाहेर, सज्ज्यात ठेवून दिली.

स्वयंपाकघरातून गरम मुगाचं पाणी आणून ती पलंगाशी जमिनीवर बसली. “अनुजा, झाड मुकं होतं. मीच पानापासून लावलं, माझ्या नेमापायी. त्याला वास येतच नाही. चूक माझी आहे.”

अनुजाने डोळे उघडले. “म्हणजे झाड सुटलं. मी?”

“तू उपवास केलास.”

“कशावरून?”

“तू म्हणालीस म्हणून.”

अनुजाची नजर दाराबाहेर गेली. “ते काय ठेवलंय?”

“खरा जागल्या.”

“आणा की आत. सकाळी लख्ख कळेल.”

“नको.”

“भिता होय आत्या?”

“हो,” राजमती म्हणाली. “तो कोरा राहिला तर मी पुन्हा तशीच होईन. आणि लाल झाला तर म्हणेन, बरं झालं झाडाने सांगितलं. तुझ्यावर विश्वास म्हणून काही उरणारच नाही. मला क्षमा कर, पोरी. नाव गाळलं त्यासाठी कर, सत्कार चुकवला त्यासाठी कर. उद्या बस्तीत सगळ्यांसमोर मी हेच बोलणार आहे. पण आत्ता ऊन बाहेरच्या भिंतीवरून निघालंय. वाटी घे.”

“मी खाल्लं असेल तर?”

राजमतीने वाटी दोन्ही हातांनी धरली. “असेल तर तुझं तुझ्यापाशी. माझं मी सांगितलं.”

बाहेर चिंचेच्या शेंड्यावर तेवढं ऊन उरलं होतं. अनुजा दोन्ही कोपरांवर रेलून उठली. तिने वाटी घेतली नाही, सासूच्याच हाताने एक घोट घेतला. मग दुसरा. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला दोघींपैकी कुणालाच हात मोकळा नव्हता. सूर्य बुडाला तेव्हा वाटीत तळाशी थोडं राहिलं होतं. ते तसंच राहिलं.

“खिडकी उघडा,” आडवी होत अनुजा म्हणाली. “कोंदट झालंय.”

राजमतीने खिडकी उघडली. खिडकीखाली, सज्ज्यात ती कुंडी होती आणि खिडकी रात्रभर उघडीच राहिली, हे तिला सकाळी रोपवाटिकेतून कुंड्या भरलेला टेम्पो दारात येऊन उभा राहिला तेव्हा आठवलं.

वृद्धाश्रमाची रांग एका कुंडीने कमी भरत होती. ती माडीवर गेली. अनुजा गाढ झोपली होती, गालावर थोडी कळा आली होती. सज्ज्यात येऊन राजमतीने डोळे मिटले, चाचपत कुंडीचा काठ धरला आणि ती तोंड फिरवून उचलली. पानं तिच्या कानाला लागत होती. तशीच मान वाकडी करून ती जिना उतरली, भिंतीला खांदा घासत.

खाली सुकुमार टेम्पोतल्या कुंड्या नीट लावत होते. त्यांनी तिच्या हातातली कुंडी घेतली, टेम्पोत ठेवायला वर उचलली आणि उजेडात धरून थबकले.

“अगं, ह्याच्या पट्ट्या बघ की—”

“सांगू नका,” राजमती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला.